डॉ. रणपिसे यांचे दोन गट

२२ जानेवारी १९९५, रविवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी डॉ. पंचशीला रणपिसे इंदूरच्या रेवा मिलसमोर कामगार संघाच्या खोलीत एका माणसाच्या दंडाला रबरी नळी बांधत होत्या. थंडीनं त्याची शीर सापडत नव्हती. मूठ आवळा, सोडा, पुन्हा आवळा, असं त्या सांगत होत्या. दाराबाहेर रांग होती. रांगेतल्या कुणालाही कामावर जायची घाई नव्हती. मिल बंद होऊन अडीच वर्षं झाली होती.

"मॅडमजी, या बार जरा कमी काढा," बाकावरचा माणूस म्हणाला. तो लक्ष्मण, विणाई खात्यातला जुना जॉबर, म्हणजे मुकादम. "मिल होती तेव्हा कँटीनची भजी खाऊन खून बनायचं. आता कुठून बनवू?"

"भज्यांनी खून नाही बनत, लक्ष्मणजी."

"मग काय बनते?"

"तेच तर बघतोय."

"सहा साल झाले भिया, अजून बघूनच राहिल्यात," रांगेतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. डॉक्टरही हसल्या. शीर सापडली होती.

रक्त देऊन झालं की प्रत्येक जण कोपऱ्यातल्या टेबलावरून तेलाचा सीलबंद डबा उचलायचा आणि निघायचा. रक्त वर्षातून एकदा, जानेवारीत; डबा मात्र दर महिन्याला. काहींच्या डब्यात सोयाबीनचं तेल असे, काहींच्या डब्यात शेंगदाण्याचं; डब्यावर तेलाचं नाव नसे, फक्त क्रमांक. कोणाच्या वाट्याला कोणतं हे १९८९ साली चिठ्ठ्या काढून ठरलं होतं आणि दहा वर्षं बदलायचं नव्हतं. डॉ. रणपिसे यांचं सगळं संशोधन या एका वाटणीवर उभं होतं. दहा वर्षांनी दोन्ही गटांत हृदयविकाराचे झटके किती आले, हे मोजायचं होतं. प्रश्न एका वाक्याचा होता. दोन्ही घरांत बाकी सगळं सारखं असेल, तर तेल बदलल्यानं माणूस वाचतो का?

पंचशीला रणपिसे यांचा जन्म १९५७चा, महूचा. आजोबा फौजेत होते, वडील छावणीतल्या लष्करी बांधकाम खात्यात कारकून. आदल्या वर्षी घर बौद्ध झालं होतं, म्हणून मुलीचं हे नाव. इंदूरला एमबीबीएस आणि एमडी केलं, हृदयरोगाची वरची पदवी बाहेर घेतली आणि सरकारी रुग्णालयात परत आल्या. पाठ्यपुस्तकातला हृदयरोगी साठीचा असे. त्यांच्या वॉर्डातले चाळिशीचे असत, आणि त्यांतले बरेच जण मिलमधले असत.

त्या काळात परदेशातले शोधनिबंध माशांच्या तेलाबद्दल बोलत होते. मासे खाणाऱ्या लोकांत झटके कमी, कारण माशांत एका विशिष्ट जातीची मेदाम्लं असतात. मेदाम्लं म्हणजे तेलातुपाचे मूळ घटक. माळव्यात रोज मासे कोण खाणार? त्याच जातीचं एक मेदाम्ल थोड्या प्रमाणात सोयाबीनच्या तेलात असतं, अल्फा-लिनोलेनिक नावाचं. शेंगदाण्याच्या तेलात ते जवळजवळ नसतं. आणि सोयाबीन तर इंदूरच्या चारही बाजूंना पिकत होतं, शहराबाहेर त्याचं तेल काढायचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते. तेव्हा माशांचं काम सोयाबीन करील का, हे तपासायला इंदूरइतकी सोयीची जागा नव्हती.

माणसंही सोयीची होती. मिलमागे कामगारांची वस्ती होती. इंदूरमध्ये अशा वस्तीला फेल म्हणतात. एकसारख्या खोल्या, एकाच भोंग्यावर चालणाऱ्या पाळ्या, एकाच दुकानाचा किराणा. माणसं तिथेच जन्मत, तिथेच नोकरीला लागत आणि तिथेच म्हातारी होत. दहा वर्षं एका जागी राहणारे इतके लोक शहरात दुसरीकडे कुठे मिळाले नसते. दिल्लीच्या एका सरकारी संशोधन परिषदेनं अनुदान मंजूर केलं. अर्जात एक रकाना संभाव्य अडचणींचा होता. त्यात डॉ. रणपिसे यांनी बदली, मृत्यू आणि गावी परत जाणं, अशी कारणं भरली होती. मिल बंद पडेल हे त्यांच्या मनात आलं नाही. परिषदेतल्याही कुणाच्या आलं नाही. तिसरी पिढी त्या मागांवर काम करत होती.

जुलै १९९२मध्ये मिल बंद पडली. माग जुने होते, मालकाचं लक्ष दुसऱ्या धंद्यात होतं, आणि नव्या आर्थिक धोरणानंतर आजारी गिरण्या पोसायची सरकारची इच्छा राहिली नव्हती. आधी वीज कापली गेली, मग पगार थांबला, मग फाटकाला कुलूप लागलं. जिथे रक्त घेतलं जाई, तो मिलचा दवाखानाही त्या कुलपाच्या आत गेला. डॉ. रणपिसे यांनी संघाची खोली मागून घेतली. निम्मे लोक तरी गळतील, असा त्यांचा अंदाज होता.

झालं उलटं. मिल चालू असताना रक्त द्यायच्या रविवारी बरेच जण झोपून राहायचे, निरोप पाठवावे लागायचे. मिल बंद झाल्यावर हजेरी वाढत गेली. दुसऱ्या वर्षी तर कुणीच चुकलं नाही. जे मजुरीला पीथमपूरला किंवा देवासला गेले होते, तेही त्या रविवारी हजर असत. डॉ. रणपिसे यांनी वार्षिक अहवालात लिहिलं, "प्रतिकूल परिस्थितीतही गळती शून्य." परिषदेचे एक अधिकारी पाहणीला आले, तेव्हा म्हणाले की एवढी हजेरी दिल्लीच्या पगारदार लोकांकडूनही मिळत नाही. या कामाची परदेशातल्या एका परिषदेसाठी शिफारस करू, असंही ते म्हणाले. डॉक्टरांनी याचा अर्थ असा लावला की लोकांना आता अभ्यासाचं महत्त्व पटलं आहे.

रक्तातली मेदाम्लं मोजायचं यंत्र रुग्णालयात नव्हतं. ते देवास रस्त्यावरच्या एका तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतं. तिथले रसायनतज्ज्ञ शरद सरमंडल हे डॉक्टरांचे कॉलेजपासूनचे ओळखीचे, सुट्टीच्या दिवशी ते यंत्र त्यांना वापरू देत. यंत्र प्रत्येक नमुन्याचा एक आलेख काढून देई. प्रत्येक मेदाम्लाचं त्यात एकेक टोक. अल्फा-लिनोलेनिकचं टोक सोयाबीनच्या गटात उंच आणि शेंगदाण्याच्या गटात नावापुरतं, हे चित्र पहिल्या चार वर्षांत इतकं स्पष्ट होतं की वरचं नाव झाकलं तरी आलेख कोणत्या गटाचा ते सांगता यायचं. १९९४मध्ये यंत्र बंद पडून होतं, म्हणून त्या वर्षीचे नमुने फ्रीझरमध्येच राहिले होते. १९९५च्या फेब्रुवारीत दोन्ही वर्षांचे नमुने एकदम लावले.

आलेख सारखे आले. डॉक्टरांनी दोन कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले.

"शरद, नळ्या मिसळल्यात तुम्ही."

"नाही मिसळल्या."

"मग दोन्ही गट एकसारखे कसे?"

"ते मला काय विचारता डॉक्टर? खून तुमच्या लोकांचं आहे. मशीन माझी आहे, आणि मशीन ठीक आहे."

"परत चालवा."

"पूर्ण लॉट?"

"पूर्ण."

"घरी विचारतात, संडेला कुठे जाता म्हणून. खून बघायला, म्हणून सांगतो. आता पुढच्या संडेलाही तेच सांगतो," शरद म्हणाले. त्यांनी नळ्या पुन्हा लावल्या.

पुढच्या रविवारीही तेच आलेख आले. या वेळी डॉक्टरांनी ते एकावर एक धरले नाहीत, वाचले. शेंगदाण्याच्या गटात अल्फा-लिनोलेनिक थोडंसं आलं होतं, जे तिथे असायला नको होतं. सोयाबीनच्या गटात ते बरंचसं नाहीसं झालं होतं. दोन्हीकडे सारखंच उरलं होतं. हे मेदाम्ल नाजूक असतं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की पहिल्यांदा तेच जातं. म्हणजे दोन्ही गटांतले लोक एकच तेल खात होते, आणि ते आधी खूप तापलेलं होतं.

डॉ. रणपिसे सहा वर्षं फेलमध्ये जात होत्या, पण नेहमी रविवारी आणि पहाटे, कारण रक्त उपाशीपोटी घ्यायचं असे. मार्चमधल्या एका गुरुवारी ओपीडी संपवून त्या पहिल्यांदा दुपारी गेल्या. वस्तीच्या टोकाशी, नळाच्या पलीकडे, पत्र्याच्या आडोशात मोठी भट्टी पेटलेली होती. तिच्यावर परातीएवढी कढई. एक बाई झाऱ्यावर बेसनाचा गोळा तळहातानं घासत होती आणि शेव थेट तेलात पडत होती. चार-पाच जणी पिशव्या भरत होत्या. भिंतीशी डबे रचलेले होते. आपले डबे डॉक्टरांनी लांबूनच ओळखले.

झाऱ्यावर होत्या द्वारकाबाई, लक्ष्मणची बायको. त्यांनी डॉक्टरांना पाहिलं, पण हात थांबवला नाही. घाणा जळाला असता.

"या मॅडमजी. आज कोणाचं खून काढायचं?"

"हे तेल आपल्या डब्यातलं आहे ना?"

"तर. इतकं साफ तेल बजारात कुठे मिळते? म्हणून तर आपली सेव सरवटे बस स्टँडपर्यंत जाते."

"कोणाकोणाचे डबे?"

"सगळ्यांचे. लाइनीतल्या सगळ्या घरांचे. मिल बंद झाल्यावर हेच तर एक बंधं होतं, मॅडमजी, दर महिन्याला येणारं. एक साल घरात भाजीत टाकून संपवलं, मग म्हटलं धंदा करू. एकट्या घराचं काय होते? सगळ्यांनी मिळून ओतलं तेव्हा कढई भरली."

"सोयाबीन आणि शेंगदाणा, दोन्ही एकत्र?"

"कढईला काय समजते त्यातलं?" एक बाई म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

"आणि घरी स्वयंपाक कशात करता?"

द्वारकाबाईंना हा प्रश्न गमतीचा वाटला. "कढईत उरते ते. दोन-चार दिवस तळलं की काळं पडते, मग सेव चांगली नाही दिसत. ते आम्ही वाटून घेतो. पळीनं, सगळ्या घरांना बरोबर सारखं. भांडण नको म्हणून."

त्यांनी एका कागदावर गरम शेव घालून पुढे केली. डॉक्टर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी ती खाल्ली. नंतर त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. दोन गट वेगळे राहिले तरच अभ्यासाला अर्थ होता. ते आता वेगळे नाहीत. ही गोष्ट दिल्लीला कळवली, तर डबे बंद होतील.

"तर नका कळवू," द्वारकाबाई म्हणाल्या.

"खोटं कसं लिहू?"

"खोटं नका लिहू. काहीच नका लिहू. तेल आम्ही विकलं नाही, एक थेंब नाही. सेव विकली. कोणाचं काय बिघडलं?" मग झारा आपटत, "पाहिजे तर दिल्लीला सेव पाठवते. खाऊन बघतील, मग नाही बंद करणार."

"हे काळं तेल घरात वापरू नका. ते फार वाईट आहे. लक्ष्मणजींच्या छातीत आधीच दुखतं."

"मग घरात काय वापरू? ताजं वापरलं तर कढईत काय टाकू?"

डॉक्टर स्टुलावरून उठल्या. त्या परत रुग्णालयात आल्या.

पुढचे दोन महिने डॉ. रणपिसे यांनी काहीच लिहिलं नाही. डबे नेहमीप्रमाणे वाटले गेले. नंतर एकदा सहकाऱ्यांशी बोलताना त्या म्हणाल्या होत्या की तेव्हा त्यांच्यासमोर तीन रस्ते होते. गप्प राहायचं, म्हणजे वस्तीचा धंदा चालेल आणि १९९९मध्ये एक खोटा निष्कर्ष छापून येईल. पहिल्या चार वर्षांची स्वच्छ आकडेवारी तेवढी छापायची. पण चार वर्षांत झटके इतके थोडे होते की त्यावरून काहीच म्हणता आलं नसतं. किंवा प्रश्नच बदलायचा. त्यांनी आधी तिसरा रस्ता धरला. वारंवार तापवलेल्या तेलाचा अशा वस्तीत हृदयावर काय परिणाम होतो, याच्या अभ्यासाला परवानगी द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी मे महिन्यात पाठवला आणि त्यात कढईची सगळी हकीकत खरी खरी लिहिली.

परिषदेचं उत्तर पावसाळ्यात आलं. अपायकारक म्हणून माहीत असलेलं तेल लोक खाताहेत, आणि संशोधक ते न थांबवता नुसतं मोजत बसणार, हे नीतीला धरून नाही, म्हणून नवा प्रस्ताव नामंजूर. जुन्या अभ्यासातले गट मोडले आहेत, म्हणून तोही बंद. डॉक्टरांच्या मते दोन्ही मुद्दे बरोबर होते. परदेशच्या परिषदेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

ऑगस्टचे डबे आले नाहीत. हे सांगायला त्या स्वतः फेलमध्ये गेल्या. लक्ष्मण दाराशी बसला होता.

"म्हणजे लिहिलंच तुम्ही," तो म्हणाला.

"लिहिलं."

"सच्ची बात लिहिली?"

"हो."

"मग ठीक आहे," लक्ष्मण म्हणाला. आतून द्वारकाबाई म्हणाल्या, "काय ठीक आहे? तुला भट्टीवर बसवू का उद्या, सच्ची बात तळायला?"

भट्टी मात्र बंद पडली नाही. पामतेलाच्या आयातीवरचं नियंत्रण वर्षभरापूर्वीच उठलं होतं आणि सियागंजच्या घाऊक बाजारात ते आता सगळ्या दुकानांत मिळायला लागलं होतं. शेंगदाण्यापेक्षा स्वस्त, सोयाबीनपेक्षाही स्वस्त, आणि तळताना लवकर काळं न पडणारं. द्वारकाबाईंनी ते उधारीवर आणायला सुरुवात केली. हृदयाच्या दृष्टीनं पामतेल हे दोन्ही तेलांपेक्षा वाईट, असं डॉक्टरांचं मत होतं. ते सांगायला त्या आणखी एकदा भट्टीवर गेल्या. "मग द्या ना चांगलं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कढईत उरलेलं तेल पळीनं वाटून घेणं तसंच चालू होतं.

जानेवारी १९९६मध्ये डॉ. रणपिसे यांनी स्वतःच्या खर्चानं नळ्या आणि सुया आणून रक्ताचा रविवार जाहीर केला. लोकांना निदान वर्षातून एकदा तपासावं, एवढाच हेतू होता. त्या पहाटे खोली उघडून बसल्या. नऊ वाजेपर्यंत तीन माणसं आली. त्यांतला एक लक्ष्मण होता. बाकीचे दोघे डबे पुन्हा सुरू झाले का ते विचारायला आले होते. शून्य गळतीचा अर्थ त्या दिवशी डॉक्टरांना पूर्ण कळला. पुढच्या वर्षी त्यांनी खोली मागितली नाही.

पुढची वर्षं थोडक्यात सांगता येतील. जुने नमुने फ्रीझरमध्ये होते. विजेच्या भारनियमनात दोन उन्हाळे गेले आणि नमुन्यांचा उपयोग संपला. पहिल्या चार वर्षांवरचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. तिसऱ्यानं छापला, पण छोटं टिपण म्हणून. त्याच्या शेवटच्या वाक्यात निष्कर्ष काढता येत नाही, असं म्हटलं आहे. एबी रोडवर खासगी हृदय रुग्णालयं निघाली. डॉक्टरांच्या बरोबरीचे बहुतेक जण तिकडे गेले. त्यांनाही बोलावणं होतं, पण त्या गेल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, तिथे झटका आल्यानंतरचं काम असतं. मग स्वतःच पुढे म्हणतात की इथेही तेच आहे.

२००० सालच्या डिसेंबरात लक्ष्मणला त्यांच्याच वॉर्डात आणलं. झटका मोठा होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलता यायला लागलं, तेव्हा डॉक्टर राउंडवर होत्या.

"मॅडमजी, मी कोणत्या गटात होतो? आता तर सांगा."

"शेंगदाणा."

"आणि हे झालं ते कशानं?"

"सांगता येत नाही, लक्ष्मणजी."

"इतकं खून घेऊन पण?"

"इतकं घेऊन पण."

लक्ष्मण हसला. हसताना त्याला धाप लागली, म्हणून नर्सनं बोलणं थांबवलं. तो घरी गेला. सोबत रुग्णालयाचा छापील आहारतक्ता होता. तेल कमी, तळलेलं वर्ज्य. तो घरी काय खाणार हे तक्ता देणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत होतं आणि घेणाऱ्या द्वारकाबाईंनाही. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या झटक्यानं तो वाटेतच, टेम्पोत गेला. अभ्यास चालू असता, तर त्याची नोंद शेंगदाण्याच्या गटात झाली असती. आता ती कुठेच नाही.

डॉ. रणपिसे आज पंचेचाळीस वर्षांच्या आहेत. विद्यार्थी त्यांना हमखास विचारतात की हृदयासाठी कोणतं तेल चांगलं. बाजारात आता हृदयाचं चित्र छापलेल्या पिशव्या आल्या आहेत आणि विद्यार्थ्यांच्या घरीही त्या येतात. डॉक्टर म्हणतात, "माहीत नाही. कमी खा आणि ताजं खा." त्या जे सांगतात ते कुठल्याही पुस्तकात आहे. त्यासाठी त्यांची सहा वर्षं लागत नव्हती, हे त्या स्वतःच सांगतात.

रेवा मिलच्या फेलमधून अजूनही रुग्ण येतात. पूर्वी त्यांच्यासाठी वेगळी रांग असे, आता ते सगळ्यांबरोबर उभे राहतात. उद्या बुधवार, हृदयरोगाच्या ओपीडीचा दिवस. पर्चीची खिडकी आठ वाजता उघडते आणि डॉक्टर नऊ वाजता बसतात.